नावेतून दिसणारी काशी

काशीला जाऊन आलेल्या यात्रेकरूच्या मनात अरुंद गल्ल्यांची आठवण सहसा ठळक असते. दोन्ही बाजूंना उंच भिंती, वर आकाशाची एक चिंचोळी पट्टी आणि समोरून कधी गाय, कधी प्रेतयात्रा, तर कधी फुलांची टोपली घेऊन येणारा माणूस, असे ते दृश्य असते. या गल्ल्यांतून दिवसभर हिंडले, तरी नगराची रचना उलगडत नाही. एखाद्या मोठ्या वाड्याच्या मागच्या दारी उभे राहून वाडा पाहावा, तसा काहीसा हा प्रकार असतो. कारण काशीचा दर्शनी भाग गल्लीकडे नाही, तो गंगेकडे आहे. नगराचे दिंडी दरवाजे, सज्जे, झरोके, शिखरे आणि पायऱ्या नदीच्या दिशेने उघडतात. म्हणूनच काशी समग्र पाहायची, तर ती पाण्यावरून, नावेत बसून पाहावी लागते.

असी घाटापासून राजघाटापर्यंतचा हा जलप्रवास जेमतेम सहा-सात किलोमीटरांचा आहे. परंपरेने मोजलेले ८४ घाट या अंतरात एकमेकांना खेटून उभे आहेत. घाटांच्या माथ्यावर भारतातील अनेक राजघराण्यांचे महाल, मठ, धर्मशाळा आणि अन्नछत्रे आहेत. मराठी प्रवाशाला त्यांत पेशवे, होळकर, शिंदे, भोसले, पंतप्रतिनिधी अशी ओळखीची नावे वारंवार भेटतात. या वास्तू कोणी बांधल्या, हे नावाडी सांगतोच. त्या आजवर टिकल्या कशा आणि काही का ढासळल्या, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर या फेरीत डोळ्यांसमोरच असते.

नदी, काठ आणि सूर्य

हिमालयातून निघालेली गंगा सामान्यतः पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे वाहते. काशीजवळ मात्र ती वळण घेऊन उत्तरेकडे वाहू लागते. या वळणाला चंद्रकोरीचा आकार आहे. कोरीच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे पश्चिम काठाला, कंकरमिश्रित घट्ट मातीचा उंच कणा आहे. नदीचा प्रवाह त्याला घासून जातो, तरी तो सहजासहजी खचत नाही. आतल्या अंगाला, पूर्व काठावर, प्रवाह मंदावतो आणि तेथे वाळू साचते. पावसाळ्यात हा सखल काठ पाण्याखाली जातो. त्यामुळे सारे नगर एकाच काठावर वसले आणि समोर मोकळे वाळवंट राहिले.

या भूगोलामुळेच काशीची पहाट वेगळी ठरते. घाटांचे तोंड पूर्वेला असल्याने समोरच्या मोकळ्या क्षितिजावर सूर्य उगवतो आणि त्याचा पहिला प्रकाश थेट पायऱ्यांवर पडतो. स्नान करणाऱ्याला नदीत उभे राहून सूर्याला अर्घ्य देता येते. नावेतील प्रवाशाच्या एका बाजूला सूर्योदय असतो आणि दुसऱ्या बाजूला त्या प्रकाशाने उजळत जाणारी दगडी नगरी.

घाटबांधणीमागील स्थापत्यही समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक बांधकामाला चुनारचा वालुकाश्म वापरला आहे. चुनार गंगेच्याच काठी, प्रवाहाच्या वरच्या बाजूला असल्याने तेथील दगड नावांतून खाली आणणे सोपे होते. मात्र हिवाळ्यातील पातळी आणि पुराची पातळी यांत येथे दहा मीटरांहून अधिक फरक पडू शकतो. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली जाते. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. म्हणूनच नदीकाठच्या महालांचे खालचे मजले खिडक्यांविना, भरीव तटबंदीसारखे दिसतात. सज्जे आणि झरोके सुरू होतात ते बरेच वर. पायऱ्यांतून पुढे आलेले बुरूज प्रवाहाचा जोर विभागतात. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचे जाड थर उरतात आणि पंपांनी पाण्याचे फवारे मारून ते पुन्हा नदीत लोटावे लागतात. हे काम दर वर्षी करावे लागते.

असीपासून केदारापर्यंत

नावेची फेरी दक्षिणेकडील असी घाटावरून सुरू करणे सोयीचे असते, कारण तेथून पुढचा प्रवास प्रवाहाच्या दिशेने होतो. असी आणि वरुणा या दोन लहान प्रवाहांच्या मधले क्षेत्र ते वाराणसी, अशी नावाची पारंपरिक फोड सांगितली जाते. असी घाटावरून दक्षिणेकडे नजर टाकली, तर पलीकडच्या काठावर रामनगरचा किल्ला दिसतो. काशीनरेश बलवंतसिंह यांनी तो १७५० च्या सुमारास बांधला.

असीलगतचा भदैनीचा परिसर मराठी माणसाला जिव्हाळ्याचा वाटावा असा आहे. दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा काशीस येऊन राहिले, तेव्हा त्यांच्यासोबत मोरोपंत तांबे होते. मोरोपंतांची कन्या मनकर्णिका येथेच जन्मली. पुढे ती झाशीची राणी लक्ष्मीबाई म्हणून इतिहासात अमर झाली. तिच्या जन्मस्थानी आता स्मारक आहे. जवळच तुळशी घाट आहे. संत तुलसीदासांचे वास्तव्य येथे होते आणि १६२३ मध्ये येथेच त्यांनी देह ठेवला, असे मानले जाते.

याच टप्प्यात रेवा घाटावरील भव्य कोठी दिसते. मध्य भारतातील रेवा संस्थानिकांकडे असलेली ही वास्तू पुढे बनारस हिंदू विद्यापीठाकडे आली. मूळ धन्याचा वापर संपला, तरी शिक्षणसंस्थेच्या रूपाने तिला नवा धनी मिळाला.

थोडे पुढे गेल्यावर किल्ल्यासारख्या तटबंदीचा चेतसिंह घाट येतो. १७८१ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने वाढीव खंडणीच्या वादातून राजा चेतसिंहाला येथेच नजरकैदेत ठेवले. राजाच्या माणसांनी उठाव केला. त्या गोंधळात पागोटी एकमेकांना बांधून, खिडकीतून खाली उतरून, राजा नावेने निसटला. ज्या नदीवरून प्रवासी आज शांतपणे हा महाल पाहतो, त्याच नदीने त्या दिवशी त्याला वाट दिली.

त्यानंतर हरिश्चंद्र घाटाचा धूर दिसू लागतो. काशीच्या दोन प्रमुख स्मशानघाटांपैकी हा एक. चितांबरोबरच येथे विद्युतदाहिनीचीही सोय आहे. येथे नाव हळू होते, संभाषण थांबते. स्मशानघाटांची छायाचित्रे घेऊ नयेत, हा संकेत प्रत्येक प्रवाशाने कटाक्षाने पाळावा.

पुढच्याच वळणावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा केदार घाट लक्ष वेधून घेतो. मंदिरांच्या भिंती अशा पट्ट्यांनी रंगवण्याची रीत दक्षिण भारतातील आहे. केदारेश्वराच्या या परिसरात कुमारस्वामी मठ आहे, तमिळ आणि तेलुगू भाषकांची जुनी वस्ती आहे. नावेच्या पाऊण तासाच्या प्रवासात प्रवासी असा बघेलखंड, मिथिला, तमिळनाडू आणि महाराष्ट्र यांच्या दारांवरून जात असतो.

महालांची रांग

केदार घाटानंतर मराठी नावांची मालिका सुरू होते. राजा घाटाचा संबंध अमृतराव पेशव्यांशी आहे. रघुनाथरावांचे हे दत्तक पुत्र १८०३ नंतर इंग्रजांच्या निवृत्तिवेतनावर काशीस येऊन राहिले आणि १८२४ मध्ये येथेच वारले. घाट, मंदिरे आणि अन्नदान यांसाठी त्यांनी केलेला खर्च येथे अजूनही लोकांच्या बोलण्यात आहे.

पुढे पाण्यालगत उभा ठाकतो तो मुन्शी घाट व दरभंगा घाटावरचा महाल. नागपूर संस्थानाचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ च्या सुमारास ही वास्तू बांधली. १९१५ मध्ये ती दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतली. ग्रीक पद्धतीचे खांब आणि भारतीय झरोके यांचा संगम असलेल्या या महालात अलीकडच्या काळात आलिशान हॉटेल सुरू झाले आहे. नागपूरच्या मंत्र्याची वास्तू मिथिलेच्या महाराजांकडे गेली आणि शेवटी पाहुण्यांच्या भाड्यावर उभी राहिली.

त्याला लागूनच अहिल्याबाई घाट आहे. अहिल्याबाई होळकर (१७२५-१७९५) यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे घाट आणि निवासाची वास्तू बांधली. विश्वनाथाचे सध्याचे मंदिरही त्यांनीच १७८० च्या सुमारास उभारले. त्याच्या शिखरावरील सोने पुढे महाराजा रणजितसिंहांनी दिले. अहिल्याबाईंच्या दानाचे वैशिष्ट्य असे, की सोमनाथापासून गयेपर्यंत आणि हरिद्वारापासून रामेश्वरापर्यंत पसरलेल्या या धर्मकार्यासाठी त्यांनी राज्याच्या खजिन्याऐवजी आपल्या 'खासगी'चे उत्पन्न वापरले. राज्याचे धन आणि स्वतःचे धन यांच्या वह्या वेगळ्या ठेवण्याची ही शिस्त होती. केवळ इमारत बांधून त्या थांबत नसत. तेथील पूजा, अन्नछत्र आणि डागडुजी चालावी म्हणून त्या कायमचे उत्पन्नही लावून देत.

अहिल्याबाई घाटानंतर दशाश्वमेध घाट लागतो. तो काशीचा मध्यबिंदूच म्हणावा लागेल. अठराव्या शतकात पेशव्यांच्या पुढाकाराने तो पक्का बांधला गेला. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेस आल्या होत्या. त्या काळात पेशव्यांचे काशीतील कारभारी सदाशिव नाईक घाटांच्या कामावर देखरेख करीत. पुणे ते काशी हे अंतर महिनोन्‌महिन्यांच्या वाटचालीचे होते. रोख रक्कम सोबत नेणे धोक्याचे, म्हणून पैसा हुंडीने जात असे. पुण्याच्या पेढीवर भरलेली रक्कम काशीच्या सावकाराकडे मिळे. या घाटाच्या दगडांमागे असा विश्वासाचा व्यवहार उभा आहे.

दशाश्वमेधाच्या उत्तरेला मानमंदिर घाटावर आमेरचे राजा मानसिंह यांनी इ. स. १६०० च्या सुमारास बांधलेला महाल आहे. त्याच्या गच्चीवर अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी वेधशाळा उभारली. दिल्ली, जयपूर, उज्जैन आणि मथुरा येथील वेधशाळांच्या मालिकेतील ही पाचवी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे असलेल्या या महालात २०१९ मध्ये काशीविषयीचे आभासी तंत्राचे संग्रहालय सुरू झाले.

ललिता घाट ते भोसले घाट

ललिता घाटावर दगडांच्या गर्दीत एकाएकी लाकडी मंदिर दिसते. नेपाळचे राजे रणबहादूर शाह १८०० ते १८०४ या काळात काशीत विजनवासात होते. काठमांडूच्या पशुपतिनाथाच्या धर्तीवर मंदिर बांधण्याचा त्यांचा संकल्प त्यांच्यानंतर पूर्ण झाला. त्यावरील लाकडी कोरीवकाम निरखण्यासाठी नाव थोडी काठाजवळ घ्यावी लागते.

याच ठिकाणी काशीच्या दर्शनी भागातील अगदी अलीकडचा बदल दिसतो. १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पण झालेल्या काशी विश्वनाथ धामामुळे ललिता घाटावरून थेट मंदिरात जाता येते. पूर्वी गंगास्नान करून विश्वनाथाकडे जाणाऱ्याला दाटीच्या गल्ल्यांतून वाट काढावी लागे. या प्रशस्त मार्गासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता संपादित कराव्या लागल्या आणि घरांच्या भिंतींआड लपलेली चाळीसहून अधिक जुनी मंदिरे उघडकीस आली. वृद्ध आणि अपंग यात्रेकरूंना यामुळे मोठी सोय झाली. जुन्या वस्तीची वीण मात्र येथे उसवली, अशी खंतही अनेक काशीकर व्यक्त करतात. नव्या प्रांगणात अहिल्याबाईंचा पुतळा बसवला आहे.

मणिकर्णिका हा दुसरा स्मशानघाट. येथील चिता रात्रंदिवस पेटलेल्या असतात. येथील घाटबांधणीतही पेशव्यांचा आणि पुढे अहिल्याबाईंचा वाटा आहे. आणखी एक नाव या तीर्थाशी जोडलेले आहे, ते एकनाथांचे. एकादश स्कंधावरील त्यांचा मराठी ग्रंथ, अर्थात 'एकनाथी भागवत', शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली वाराणसीतच पूर्ण झाला. घाट आणि महाल यायच्या कितीतरी आधी मराठी भाषा येथे येऊन पोहोचली होती.

मणिकर्णिकेला लागून रत्नेश्वर महादेवाचे कललेले मंदिर आहे. सुमारे नऊ अंशांनी तिरके झालेले हे मंदिर अगदी पाण्याच्या पातळीवर बांधले आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरही बराच काळ त्याचा खालचा भाग पाण्यात व गाळात असतो. त्याच्या कलण्याबद्दल लोककथा अनेक आहेत. त्याशेजारचा शिंदे घाट मात्र या घटनेचे स्थापत्यीय उत्तर देतो. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३० च्या सुमारास येथे अतिशय भव्य घाट बांधायला घेतला. बायजाबाई राजकारणाइतक्याच पेढीव्यवहारातही निष्णात होत्या. पैशाची कमतरता नव्हती. उणीव होती ती जमिनीच्या ताकदीची. पुराच्या पाण्याने भिजून मऊ झालेल्या काठावर दगडाचा अवजड भार पडला आणि बांधकाम खचत पाण्याकडे सरकले. १९३७ मध्ये शिंदे घराण्याने घाट पुन्हा बांधून घेतला. रक्कम कितीही मोठी असो, ती कोणत्या पायावर उभी करायची, हा निर्णय त्याहून मोठा असतो, हेच येथे दिसून येते.

यानंतर भोसले घाटाची करड्या दगडांची उत्तुंग भिंत समोर येते. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली ही वास्तू किल्ल्यासारखी भासते. आत लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे. पाण्यावरून मान वर करून पाहिले, की माथ्याजवळच्या लहान खिडक्यांची ओळ दिसते. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. राज्य गेले, तरी त्याची भिंत मात्र गंगेच्या पुराला तोंड देत आजही उभी आहे.

ब्रह्मा घाटाचे मराठी घर

राम घाट, जटार घाट, बालाजी घाट अशी नावे ऐकत नाव पंचगंगा घाटाकडे येते. बालाजी घाटावरील मंदिराच्या परिसरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६-२००६) यांनी आपल्या शहनाईचा रियाझ वर्षानुवर्षे केला. मराठी राज्यकर्त्यांनी बांधलेल्या बालाजीच्या दारी एका मुस्लिम कलावंताची साधना फळाला आली. काशीच्या संस्कृतीचे सार एवढ्यात सामावले आहे.

पंचगंगा घाटाच्या माथ्यावरील मशीद औरंगजेबाच्या काळात, पूर्वीचे बिंदुमाधवाचे मंदिर पाडून उभारली गेली. तिच्या उंच मनोऱ्यांना लोक 'माधवराव का धरहरा' म्हणत. १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेपने या मनोऱ्यांची दुरुस्ती करवली आणि घाटांची सुंदर चित्रेही काढली. १९४८ मध्ये त्यांतील एक मनोरा कोसळला. दुसराही पुढे उतरवण्यात आला. जुन्या चित्रांतील ती उंच रेषा त्यामुळे आता दिसत नाही. बिंदुमाधवाचे आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले आहे. कार्तिक महिन्यात या घाटावर उंच वेळूच्या टोकांना टोपल्यांतून आकाशदिवे लावले जातात. दुरून, काळोख्या नदीवरून पाहिले, तर ते हवेत तरंगत असल्यासारखे भासतात.

लगतचे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट म्हणजे काशीतील मराठी समाजाचे जुने घर. पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात कायगावाहून येथे आले. त्यांनी घाट बांधले, घरे उठवली आणि दक्षिणेतून येणाऱ्या विद्वानांना आश्रय दिला. नाना फडणविसांचा वाडा याच परिसरात आहे. त्याही आधी पैठणच्या भट्ट घराण्याने येथे विद्येचे पीठ उभारले होते. १६७४ मध्ये शिवरायांच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. येथील गल्ल्यांत अजूनही मराठी आडनावे भेटतात. घरात मराठी आणि दाराबाहेर बनारसी हिंदी, असा दुहेरी संसार अनेक पिढ्यांनी सांभाळला आहे. ब्रह्मा घाटावरील सार्वजनिक गणेशोत्सवाने शंभरी केव्हाच ओलांडली आहे.

बांधणे आणि सांभाळणे

येथून पुढे नदी मालवीय पुलाकडे वळते. १८८७ मध्ये खुल्या झालेल्या या पुलावर खालून रेल्वे आणि वरून रस्ता जातो. त्याच्या अलीकडे, जुना खिडकिया घाट नव्याने बांधून तयार झालेला नमो घाट लागतो. येथे प्रवाशाची फेरी पूर्ण होते. मागे वळून पाहिले, की चंद्रकोरीसारखे सारे नगर एका दृष्टिक्षेपात मावते.

या दृष्टिक्षेपात एक गोष्ट स्पष्ट दिसते. शेजारी शेजारी असलेल्या, एकाच दगडाच्या आणि जवळपास एकाच काळातील वास्तूंची अवस्था कमालीची भिन्न आहे. काही नव्यासारख्या आहेत, काहींच्या सज्ज्यांतून पिंपळ उगवला आहे, तर काही अर्ध्या कोसळल्या आहेत. पुराने यांत भेदभाव केलेला नाही. फरक पडला तो उत्पन्नाच्या सोयीमुळे. जुन्या दात्यांनी मंदिरांना व अन्नछत्रांना इनाम गावे आणि वर्षासने लावून दिली होती. १८१८ मध्ये पेशवाई संपली, पुढे इतर राज्ये खालसा झाली, १९४७ नंतर संस्थाने विलीन झाली आणि १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. प्रत्येक टप्प्यावर कुठल्या ना कुठल्या वास्तूचा वार्षिक पैसा आटला. ज्यांच्यामागे विश्वस्त निधी, विद्यापीठ, पुरातत्त्व खाते किंवा चालता व्यवसाय उभा राहिला, त्या टिकल्या. ज्यांच्यामागे केवळ दात्याचे नाव होते, त्यांचे दगड सुटू लागले. भाऊबंदांच्या वाटण्या, भाडेकरूंचे वाद आणि मालकीचे खटले यांनी उरलेले काम केले. गंगाकाठापासून २०० मीटरांच्या पट्ट्यात नव्या बांधकामाला मनाई आहे. नदीच्या दृष्टीने हा निर्बंध आवश्यकच आहे. मात्र त्यामुळे दुरुस्तीलाही परवानगीची वाट पाहावी लागते आणि सामान्य घरमालक मेटाकुटीस येतो.

२०२१ मध्ये काशीचा हा नदीकाठ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नोंदवला गेला. ही सन्मानाची बाब आहे. परंतु सन्मानामागोमाग जबाबदारीही येते. एखादी वास्तू उभारणे हा एकदाच होणारा खर्च आहे. ती सांभाळणे हा दर वर्षीचा खर्च असतो आणि त्याची तरतूद पहिल्याच दिवशी करावी लागते. अहिल्याबाईंनी हे ओळखले होते. आपल्या गावातील देवालय, ग्रंथालय किंवा शाळेची खोली बांधून देणाऱ्या आजच्या दात्यांनीही इमारतीच्या खर्चासोबत तिच्या देखभालीची कायम ठेव निराळी काढावी, हा धडा काशीच्या पायऱ्यांवर लिहिलेला आहे.

वल्हे मारणारे हात

या साऱ्या वैभवाची ओळख करून देणारा माणूस म्हणजे नावाडी. मल्लाह किंवा निषाद समाजाची ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या या घाटांवर राबत आली आहेत. रामाला गंगापार नेणाऱ्या केवटाशी ते आपले नाते सांगतात. परतीच्या वेळी नावाडी नाव मध्यप्रवाहातून न नेता काठालगत घेतो, कारण काठाजवळ प्रवाहाचा विरोध कमी असतो. हे ज्ञान त्याला पुस्तकातून मिळालेले नाही.

गेल्या काही वर्षांत त्यांच्या जीवनात मोठे बदल झाले आहेत. वल्ह्यांच्या नावांची जागा डिझेलच्या यंत्रांनी घेतली. नंतर धूर आणि तेलाचे प्रदूषण टाळण्यासाठी अनेक नावा सीएनजीवर आणण्यात आल्या आणि त्यांच्यासाठी नदीकाठीच इंधन भरण्याची सोय झाली. आता मोठ्या वातानुकूलित नौकाही याच पाण्यात फिरतात. पावसाळ्यात पाणी चढले, की प्रशासन नौकाविहार बंद ठेवते. त्या काळात नावाड्याचे उत्पन्न थांबते आणि नावेच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. हिवाळ्यातील कमाईतून पावसाळ्यासाठी थोडे बाजूला काढणे, हे त्याच्या संसाराचे अंदाजपत्रक असते.

प्रवाशांनी ऑक्टोबर ते मार्च हा काळ निवडावा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाट धुके असू शकते, त्यामुळे सूर्योदयाचा आग्रह असल्यास हाताशी एखादा दिवस अधिक ठेवावा. नावेत बसण्यापूर्वी भाडे, फेरीचे अंतर आणि वेळ निश्चित करून घ्यावी. जीवरक्षक जाकीट अंगात घालण्यास संकोच करू नये. वृद्धांसाठी असी घाट किंवा नमो घाट येथून चढणे-उतरणे तुलनेने सुकर आहे. निवांतपणे घाट पाहायचे असतील, तर वल्ह्याची नाव उत्तम. तिच्या संथ गतीने प्रत्येक भिंत वाचता येते. निर्माल्य आणि प्लॅस्टिक गंगेत टाकू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

संध्याकाळी दशाश्वमेध घाटावर आरतीचे दीप उजळतात, तेव्हा शेकडो नावा समोर दाटीने उभ्या राहतात. आरती संपली, की गर्दी पांगते आणि नावा एकेक करून काठाला लागतात. अंधारात महालांच्या भिंती पुन्हा एकसारख्या दिसू लागतात. पहाटे सूर्य वर आला, की सांभाळलेली भिंत कोणती आणि विसरलेली कोणती, हे पुन्हा स्पष्ट होते.